मोटरीच्या पेटीला कळणारे हुकूम



रात्रीची लाईट आली की बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, हे आपल्या पाचवीलाच पुजलेलं. आता बऱ्याच ठिकाणी स्टार्टरला मोबाईलची पेटी जोडतात. मुलगा भांडुपला नोकरीला असला तरी तिथून फोन लावून तो गावची मोटर सुरू करतो. हे कसे घडते, ते आज पाहू.

पेटीत सिमकार्ड घातलेला मोडेम असतो. टेलिफोनच्या जाळ्यावरून निरोप नेणारे-आणणारे हे यंत्र. शेजारचा कंट्रोलर त्याला हुकूम सोडतो. हुकमाची सुरुवात 'एटी' या अक्षरांनी होते. 'अटेन्शन' म्हणजे 'सावधान' याचे ते लघुरूप. कवायतीत आधी सावधान, मग पुढचा हुकूम, तसेच हे. ही पद्धत अमेरिकेतील हेज कंपनीच्या १९८१ सालच्या स्मार्टमोडेमपासून रूढ झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट जनतेला खुले केले, तेव्हा घरोघरचे मोडेमही अशाच हुकमांनी नंबर फिरवीत.

मुख्य हुकूम असे :

१) 'एटीडी' व पुढे नंबर – फोन लाव.
२) 'एटीए' – आलेला फोन उचल.
३) 'एटीएच' – फोन ठेव.
४) 'एटी+सीएसक्यू' – रेंज किती ते सांग. उत्तर ० ते ३१ मध्ये येते; ९९ आले तर रेंज कळत नाही असे समजावे.

हुकूम समजला तर मोडेम 'ओके' म्हणतो, नाहीतर 'एरर'.

आपल्याला यातले काही टाइप करावे लागत नाही. भांडुपहून फोन आला की कंट्रोलर नंबर ताडून पाहतो, 'एटीए' सोडतो आणि दाबलेल्या आकड्याप्रमाणे स्टार्टर चालू किंवा बंद करतो.

पण ध्यानात ठेवा, मोटरीजवळ कोण आहे हे मोडेमला दिसत नाही. इकडे वडील पंप खोलून बसलेत आणि तिकडून पोराने फोन लावला, तर? म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे :

– फोनवरून मोटर बंद केली म्हणजे वीज तुटली, असे समजू नका. दुरुस्तीआधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि घरच्या सगळ्यांना फोन करून सांगा.
– पेटीत घरच्यांचेच नंबर नोंदवा.
– टूजी मोडेमला टूजी जाळे असलेल्या कंपनीचेच सिम चालते. पेटी घेण्याआधी दुकानदाराला विचारा.

पेटीने रात्रीची पायपीट वाचते, हे खरेच. मात्र मेन स्विच आपल्याच हातात राहू द्या.