हंगाम संपल्यावर ट्रॅक्टरच्या बॅटरीची निगा



गळीत हंगाम आटोपला, पट्टा पडला, की आपण ट्रॉली सोडतो आणि ट्रॅक्टर शेडमध्ये लावून मोकळे होतो. काळ्या रानात पावसाळ्यात त्याला काम तरी काय? पुढे दिवाळीच्या सुमारास तोडणीची टोळी दारात येते, फडात कोयता लागतो आणि नेमक्या त्या दिवशी चावी फिरवली तर नुसता ‘खट्’ आवाज. मग चौघे धक्का मारणार, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलावणार. तोपर्यंत तोडलेला ऊस फडात वाळतो. वाळलेल्या उसाचे वजन काट्यावर कमीच भरणार, आणि टोळी बसून राहते ती वेगळीच.

त्या दिवशी सभासद म्हणतो, “बॅटरी दोनच वर्षांत गेली, दुकानदाराने फसवलं.” क्वचित तसे असेलही. पण बहुतेक वेळा ती बॅटरी जून ते ऑगस्टमध्ये, शेडमध्ये उभ्या उभ्या मेलेली असते. ते कसे, ते आधी समजून घेऊ.

बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि पातळ गंधकाम्ल, म्हणजे आपण ज्याला ॲसिड म्हणतो ते, असते. ही जोडी फ्रान्समधील गास्ताँ प्लान्ते यांनी १८५९ साली जमवली आणि आजही तीच चालते. वीज खर्च होते तेव्हा ॲसिडातील गंधकाचा भाग प्लेटांवर जाऊन बसतो व ॲसिड पाणचट होते. चार्ज केले की तो परत ॲसिडात येतो. बॅटरी वापरली नाही तरी आतल्या आत थोडी थोडी उतरतच असते. उष्णतेत जास्त, दहा अंश तापमान वाढले की उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. अशी अर्धवट उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच ठेवली, तर प्लेटांवरचा पांढरा थर कडक होतो आणि मग कितीही चार्ज करा, तो सुटत नाही. बॅटरी काम करून झिजते त्यापेक्षा उपाशी उभी राहून लवकर मरते, ती अशी.

“हॉर्न वाजतोय की, म्हणजे बॅटरी चांगली आहे,” हे आपल्याकडचे नेहमीचे वाक्य. हॉर्नला लागतात थोडेसे अँपिअर. डिझेल इंजिन फिरवायला सेल्फ दोनशे आणि त्याहून अधिक अँपिअर ओढतो. तेव्हा हॉर्नवर विसंबू नये, आकडा बघावा.

आकडा बघण्याचे दोन मार्ग. बुचे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर. सकाळी, ट्रॅक्टर रात्रभर बंद असताना, सहाही घरांची ग्रॅव्हिटी बघावी. डिस्टिल वॉटर नुकतेच घातले असेल तर आकडा खोटा येतो. बाराशे पन्नास ते बाराशे ऐंशी आली तर बॅटरी भरलेली. कंपनीप्रमाणे थोडा फरक असतो. अकराशे नव्वदच्या आसपास म्हणजे निम्मी, आणि अकराशे वीस म्हणजे रिकामी. पाच घरे बाराशे पन्नास आणि एकच घर अकराशे ऐंशी, असे चार्ज केल्यावरही दिसले तर ते घर बसले असे समजावे व मेकॅनिकला दाखवावे.

सीलबंद बॅटरी असेल तर साधा डिजिटल मीटर घ्यावा. रात्रभर बंद असलेल्या बॅटरीवर १२.६ किंवा १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ व्होल्ट पाहून “बाराची बॅटरी बारा दाखवतेय” म्हणून खूश होऊ नका, ती जवळजवळ उतरलेली असते. काही बॅटऱ्यांवर हिरवा डोळा असतो, पण तो सहापैकी एकाच घराची खबर देतो.

हाच मीटर इंजिन मध्यम वेगात चालू ठेवूनही लावावा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग ठीक. बंद असताना होता तितकाच राहिला तर बेल्ट ढिला आहे किंवा अल्टरनेटर काम करीत नाही. पंधराच्या पुढे गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरीतले पाणी उकळून चालले आहे. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर मात्र कधीही काढू नये; अल्टरनेटर जळतो.

जाता जाता तरुण मंडळींना एक सांगायचे. ट्रॅक्टरवर बसवलेली ती मोठी टेप आणि स्पीकर! अड्ड्यावर नंबर लागेपर्यंत इंजिन बंद आणि गाणी चालू. पुढचे दोन दिवे प्रत्येकी ५५ वॉटचे धरले तरी मिळून ९ अँपिअर खातात. ८८ अँपिअर-तासाची बॅटरी पाच तासांत निम्मी होते. स्पीकरचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता उभ्या ट्रॅक्टरचे. हंगाम संपताच बॅटरी पूर्ण चार्ज करावी आणि वायरी सोडाव्यात. सोडताना आधी अर्थची, जोडताना अर्थची शेवटी. म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. टर्मिनलवर आलेला पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, ते पाणी बुचांतून आत जाऊ देऊ नये, कोरडे करून व्हॅसलीन लावावे. त्यानंतर दर महिन्याला आकडा बघावा आणि १२.४ च्या खाली गेला की चार्ज करावे. महिन्यातून पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद केल्याने भागते, हा गैरसमज आहे. सेल्फने खाल्लेले जेमतेम भरून येते.

चार्जरचा करंट बॅटरीच्या अँपिअर-तासाच्या एक दशांश ठेवावा, म्हणजे ८८ ला साधारण ९. पाणी फक्त डिस्टिल वॉटर. बोअरचे नको, आरओचेही नको, क्षार राहतातच. पाण्याची पातळी चार्ज झाल्यावर पुरी करावी. आधी प्लेटा उघड्या दिसत असतील तर त्या बुडतील एवढेच घालावे. ॲसिड सांडले नसेल तर वरून ॲसिड कधीही घालू नये.

चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. बंद खोलीत चार्जिंग नको, जवळ बिडी-काडी नको, आणि पाण्याची पातळी बघायला काडी ओढणे तर नकोच. असे करताना बॅटरी फुटून ॲसिड डोळ्यांत जाते. गेलेच तर भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळे धूत राहावे आणि लगेच दवाखाना गाठावा.

दुसऱ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून चालू करताना प्लसला प्लस जोडावा आणि शेवटची मायनसची वायर बॅटरीला न जोडता, तिच्यापासून लांब इंजिनच्या लोखंडाला लावावी. ठिणगी उडायची तर तिथे उडू द्या.

उतारावर लावून चाकाला दगड देण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे. दगड काढताच ट्रॅक्टर निघतो, हायड्रॉलिक स्टिअरिंग इंजिन बंद असल्याने जड असते, आणि गावच्या रस्त्यावर पुढे पोरे खेळत असतात.

हायड्रोमीटर वापरून झाला की साध्या पाण्याने धुऊन, उभा टांगून ठेवावा. आत ॲसिड वाळले तर फ्लोट काचेला चिकटतो आणि पुढच्या महिन्यात चुकीचा आकडा दाखवतो.