बॉटच्या प्रवेशिका कशा रोखाव्यात?

प्रश्न : आमच्या दिवाळी अंकाच्या ऑनलाइन बक्षीस स्पर्धेत बॉटच्या ढीगभर प्रवेशिका येतात. कॅप्चा लावला की पुरेल का?

उत्तर : नाही. वेडीवाकडी अक्षरे ओळखायचे अतिशय अवघड कोडेही यंत्र ९९.८ टक्के अचूक सोडवते, हे गूगलने २०१४ मध्येच दाखवले; अडतो तो नजर अधू असलेला खरा वाचक. म्हणून राखण दारापेक्षा बक्षिसापाशी हवी. ओटीपी घेऊन एका मोबाइल क्रमांकावरून एकच प्रवेशिका स्वीकारा आणि निकालापूर्वी विजेत्याची ओळख पडताळा; ही अट नियमांत आधीच छापा. क्रमांक भाड्याने मिळतात, हा आक्षेप खरा आहे. पण प्रत्येक क्रमांकामागे पैसे मोजावे लागले की हजार खोट्या प्रवेशिका परवडत नाहीत. घरात एकच फोन असलेल्यांसाठी पोस्टाची वाट खुली ठेवा. सगळ्यांकडून आधार क्रमांक मात्र मागू नका.