जुनी जीप आणि नवे इंजिन : चि. निखिल यास पत्र



जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याचा विचार पक्का करण्यापूर्वी चि. निखिलने एवढे ध्यानात घ्यावे की मोटारगाडीतील इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ॲक्सल, पाटे आणि ब्रेक हे सारे एकमेकांच्या मापाने घडवलेले असतात, आणि म्हणून त्यांतले एक बदलले की उरलेल्यांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. पाना हाती घेण्याआधी हा हिशेब कागदावर मांडलेला असला, तर काम पावसाळ्यापूर्वी पुरे होते. तो मांडलेला नसला, तर गाडी अर्धवट उघडलेल्या स्थितीत गॅरेजच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे पडून राहते, आणि अशा गाड्या महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी पाहायला मिळतात.

या गोष्टीचा पुरावा त्याच्या दारात उभ्या असलेल्या सीजे-३बी जीपच्या अंगावरच आहे. विलीज कंपनीच्या आधीच्या जीपमध्ये दोन्ही झडपा, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी, सिलिंडरच्या कडेला ठोकळ्यातच बसवलेल्या असत. पुढच्या ‘हरिकेन’ इंजिनात आत घेणारी झडप डोक्यावर, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये नेली. त्यामुळे २१९९ घन सेंटिमीटरचे तेच आकारमान ठेवून शक्ती वाढली, परंतु इंजिनाची उंचीही वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. परिणामी १९५३ च्या सीजे-३बीचे बॉनेट उंच करावे लागले, आणि तेच उंच, काहीसे बेढब कपाळ पुढे महिंद्रांच्या कारखान्यातून भारतभर पोहोचले व इथल्या लोकांच्या मनात जीपचा चेहरा म्हणून ठसले. प्रत्यक्ष कारखान्याला जिथे इंजिनासाठी गाडीचे रूप बदलावे लागले, तिथे खाजगी गॅरेजात चार बोल्टांवर काम भागेल, ही अपेक्षा बाळगणे योग्य नाही.

खर्चाचा मुद्दा थोडक्यात आटोपता येतो. समजा, ही जीप वर्षाला २००० किलोमीटर चालते, पेट्रोलवर लिटरमागे ८ किलोमीटर देते आणि डिझेलवर १२ देईल. तर वर्षाला पेट्रोल लागते २५० लिटर आणि डिझेल लागेल सुमारे १६७ लिटर, म्हणजे बचत झाली ८३ लिटरांची. एवढ्या बचतीतून इंजिन, जोडकाम आणि मजुरी यांचा खर्च भरून निघायला किती वर्षे लागतील, ते चि. निखिलने स्वतः मांडून पाहावे. रोज मालवाहतूक करणाऱ्या गाडीचे गणित निराळे असते. महिन्यातून दोनदा घाट चढणाऱ्या जीपसाठी इंधनबचत हे कारण टिकत नाही. घाटात आणि चिखलात कमी फेऱ्यांवर मिळणारा दम हेच खरे कारण असू शकते, आणि ते असेल तर त्याने तसे मोकळेपणाने म्हणावे.

या दमाचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. इंजिनाचा दांडा ज्या जोराने पिळला जातो त्या पिळाला टॉर्क म्हणतात, आणि तो पीळ व मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या यांच्या गुणाकारावरून अश्वशक्ती निघते. हरिकेन इंजिनाची अश्वशक्ती ४००० फेऱ्यांवर ७५ सांगितली जाते, तर बोलेरोमध्ये प्रसिद्धीस आलेल्या महिंद्रांच्या २५२३ घन सेंटिमीटरच्या डीआय इंजिनाची, म्हणजे ज्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते अशा इंजिनाची, ३२०० फेऱ्यांवर ६३ आहे. म्हणजे कागदावर पाहता डिझेल बसवल्याने शक्ती कमी होते. जो वाढतो तो कमी फेऱ्यांवरचा पीळ, आणि चढावर गिअर न बदलता गाडी ओढण्याची जी भावना चालकाला होते ती त्यामुळेच होते.

परंतु डिझेल इंजिन ३२०० फेऱ्यांच्या पुढे जात नाही, कारण त्याच्या पंपातील गव्हर्नर नावाची यंत्रणा इंधन आपोआप तोडते, आणि जीपचे दात मात्र ४००० फेऱ्यांच्या इंजिनासाठी कापलेले असतात. सीजे-३बीच्या दोन्ही ॲक्सलमधील क्राउन-पिनियनचे प्रमाण ५.३८ आहे, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरते. ६.००-१६ मापाच्या टायरचा घेर सुमारे २.२५ मीटर धरला, तर टॉप गिअरमध्ये ४००० फेऱ्यांवर ताशी १०० किलोमीटर वेग निघतो, आणि ३२०० फेऱ्यांवर तो ८० वर थांबतो. महामार्गावर हा वेग म्हणजे इंजिनाला सतत शेवटच्या टोकावर ताणून धरणे होय, ज्याने इंजिनाचे आयुष्य घटते आणि चालकाचे कान बधिर होतात. यावर उपाय म्हणून ४.२७ प्रमाणाचे क्राउन-पिनियन घातले तर ३२०० फेऱ्यांवर सुमारे १०१ किलोमीटरचा वेग मिळतो खरा, पण त्याची किंमत जंगलात मोजावी लागते. मूळ गाडीत पहिला गिअर २.७९८, ट्रान्सफर केसचा, म्हणजे चारही चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीचा, लो गिअर २.४६ आणि ॲक्सल ५.३८ यांचा गुणाकार सुमारे ३७ येतो, त्यामुळे ७०० फेऱ्यांच्या आयडलवर जीप ताशी अडीच किलोमीटरने, पायी चालणाऱ्या माणसाहून हळू, दगडांवरून उतरते; ४.२७ घातल्यावर तो गुणाकार २९ च्या आसपास येतो आणि तीच गाडी ताशी ३.२ किलोमीटरने उतरू लागते. हा फरक लहान वाटतो, पण ओल्या कातळावर तो ब्रेकवर पाय ठेवण्याइतका मोठा ठरतो. शिवाय पुढच्या व मागच्या ॲक्सलचे प्रमाण एकदमच बदलावे लागते, कारण ते भिन्न राहिले तर फोर-व्हील ड्राइव्ह लावताच दोन्ही शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळले जाऊन गिअर तुटतात. चि. निखिलची गाडी रस्त्यासाठी आहे की डोंगरासाठी, याचे उत्तर म्हणूनच इंजिन निवडण्याच्या आधी ठरले पाहिजे.

त्यानंतर जोडणीचा प्रश्न येतो. वेगळ्या इंजिनाच्या मागील तोंडावरची बोल्टांची रचना जुन्या गिअरबॉक्सच्या घंटेच्या आकाराच्या आवरणाशी, म्हणजे बेल हाउसिंगशी, जुळत नाही, म्हणून दोहोंमध्ये जाड पोलादी पट्टा घालतात, त्यास अडॅप्टर प्लेट म्हणतात. या पट्ट्याचे छिद्र गोल असणे पुरेसे नसते. इंजिनाच्या क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या दांड्याचा मध्य एकाच रेषेत आले पाहिजेत, आणि ती रेषा बोल्ट राखत नाहीत, तर घट्ट बसणाऱ्या खुंट्या, म्हणजे डॉवेल पिन राखतात. खुंट्यांशिवाय केलेला पट्टा पहिल्या आठवड्यात उत्तम चालतो, पुढे क्लच थरथरू लागतो, मग गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग आवाज करते, आणि तोपर्यंत पट्टा करणाऱ्या लेथवाल्याला दोष देण्याची वेळ निघून गेलेली असते. चि. निखिलने डायल गेज लावून मध्य मोजून घेतल्याखेरीज गिअरबॉक्स चढवू देऊ नये. शक्य असेल तर इंजिन त्याच्या स्वतःच्या गिअरबॉक्ससह घ्यावे, कारण डिझेलच्या प्रत्येक स्फोटाचा ठोका पेट्रोलपेक्षा तीव्र असतो आणि जुना तीन गिअरचा बॉक्स तो ठोका सोसण्यासाठी घडवलेला नाही. मात्र गिअरबॉक्स बदलला की त्याची लांबी बदलते, आणि केवळ ८० इंची व्हीलबेसच्या या जीपमध्ये आधीच आखूड असलेला मागचा प्रॉपेलर शाफ्ट आणखी आखूड होऊन त्याचे जॉइंट तिरपे चालू लागतात.

जड इंजिनाने पुढचे पाटे बसतात, हे सर्वजण सांगतात. त्याहून महत्त्वाचे असे की इंजिनाचे ऑइल चेंबर आणि पुढचा ॲक्सल यांच्यातील अंतर गाडी सपाट उभी असताना मोजून उपयोग नसतो, ते पाटे पूर्ण दाबले गेले असता मोजावे लागते. ब्रेकच्या बाबतीत एक सूक्ष्म गोष्ट आहे. पेट्रोल इंजिनात हवेची वाट थ्रॉटल नावाच्या झडपेने अडवलेली असल्याने आत निर्वात खेच तयार होते, आणि सर्वो ब्रेक किंवा जुन्या जीपचे वायपर त्या खेचेवर चालतात. डिझेलमध्ये हवा मोकळी आत येते, म्हणून ती खेच नसते, आणि व्हॅक्यूम पंप न बसवता सर्वो ब्रेक ठेवणे म्हणजे घाटात जवळजवळ ब्रेक नसलेली गाडी उतरवणे होय.

इंधनाची टाकी या जीपमध्ये चालकाच्या आसनाखाली असते. तिच्यातील जुना गंज आणि गाळ पेट्रोलच्या कार्बोरेटरने कसाबसा पचवलेला असतो, पण डिझेल पंपाचे व नोझलचे आतले भाग इतक्या नेमक्या मापाचे असतात की तोच गाळ त्यांना कायमचा निकामी करतो. म्हणून टाकी धुऊन, पाणी वेगळे करणारा फिल्टर लावून, आणि नोझलमधून उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी दुसरी नळी जोडूनच काम पुढे न्यावे. नळीचा एखादा जोड सैल राहिला तर इंजिन एअर घेते व भर चढावर बंद पडते. इंजिन बंद करण्यासाठीही इग्निशनची किल्ली पुरत नाही, कारण डिझेलला ठिणगी लागतच नाही. इंधन तोडणारी दोरी किंवा सोलेनॉइड लागतो, आणि विजेवरचा सोलेनॉइड असला तरी हाताने ओढायची दोरी डॅशबोर्डवर जरूर ठेवावी.

ओढे ओलांडणे डिझेलला सोपे जाते असे ऐकून चि. निखिल या विचाराकडे वळला असावा. ठिणगीची तार भिजून गाडी बंद पडण्याचा धोका डिझेलमध्ये नसतो, हे खरे. पण एअर क्लीनरमधून पाणी आत ओढले गेले तर ते दाबले जात नाही, आणि डिझेल इंजिनात हवा मुळातच या जीपच्या पेट्रोल इंजिनातल्या सुमारे सातपटीऐवजी सोळा ते तेवीसपट दाबली जात असल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. कोकणातल्या जुलैच्या वहाळांत गाडी घालायची असेल, तर हवेच्या नळीचे तोंड काचेच्या वर नेल्यावरच घालावी.

कायद्याचा भाग टाळता येण्यासारखा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बदलासाठी कारावास किंवा दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूदही झाली आहे. नोंदणीत पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर अपघाताच्या दिवशी विम्याचा दावाही संकटात येतो. म्हणून इंजिन उतरवण्याच्या आधी परिवहन कार्यालयाला लेखी अर्ज द्यावा, उत्तर लेखी घ्यावे, आणि ते नकारार्थी आले तर विषय तिथेच थांबवावा. ‘सगळेच करतात’ हे गॅरेजवाल्याचे वाक्य कोणत्याही न्यायालयात पुरावा होत नाही.

सारे मांडून झाल्यावर निष्कर्ष असा निघतो की, मूळ हरिकेन इंजिनाचा ब्लॉक तडा न गेलेला आणि बोअर करण्याजोगा असेल, तर त्याचीच पूर्ण दुरुस्ती करावी. त्यातून गाडीही चालेल आणि कागदही स्वच्छ राहतील. ब्लॉकच निकामी असला आणि परवानगी मिळाली, तरच महिंद्रांचे डीआय इंजिन त्याच्या गिअरबॉक्ससह बसवावे, व ॲक्सलचे प्रमाण ५.३८ वरच ठेवून ताशी ६० किलोमीटरच्या आत गाडी चालवण्याची सवय करावी. तसे घडले तर उतरवलेले जुने इंजिन भंगारवाल्याला देऊ नये. सिलिंडरांत तेल ओतून, सर्व तोंडे बंद करून ते लाकडी ठोकळ्यांवर कोरड्या जागी ठेवावे, आणि त्यावरचा क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून लिहून ठेवावा.