शाळेचा लॅपटॉप आणि शनिवारची परीक्षा

अमेरिकेत कॉलेज प्रवेशासाठीची एसएटी परीक्षा मार्च २०२४ पासून संगणकावर आली. माझ्या दोन्ही मुलांनी ती शाळेच्या क्रोमबुकवर दिली. त्या धावपळीत जे कळलं, ते यंदा अकरावीत मुलं असलेल्या इथल्या मराठी पालकांसाठी लिहिते आहे.

१. लॅपटॉप आपल्या घरात असला तरी मालक शाळाच. परीक्षा ज्या ब्लूबुक अ‍ॅपवर होते, ते शाळेच्या क्रोमबुकवर आपल्याला टाकता येत नाही. शाळेची आयटीची माणसंच टाकतात. परीक्षा असते शनिवारी सकाळी, तेव्हा त्यांच्या ऑफिसला कुलूप. शुक्रवारी शाळा सुटायच्या आत सगळं मार्गी लागलंच पाहिजे.

२. ब्लूबुक उघडायचं कुठून, हे मुलांना आधी करून बघू द्या. माझी लेक रोजच्यासारखं लॉग इन करून ते शोधत बसली होती. ते तिथे नसतंच! लॉग इन करायच्या आधी जो पडदा दिसतो, त्यावर खाली ‘अ‍ॅप्स’ असतं. त्यातून ब्लूबुक निवडायचं. घरचं वायफायही कधीकधी त्याच पडद्यावरून नव्याने जोडावं लागतं.

३. सराव त्याच मशीनवर हवा. ब्लूबुकमध्ये पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा फुकट आहेत. त्या बाबांच्या मोठ्या स्क्रीनवर सोडवायच्या आणि खरी परीक्षा लहानशा क्रोमबुकवर द्यायची, असं करू नका. गणितासाठी डेस्मॉसचा कॅल्क्युलेटर आतच दिलेला आहे. त्यातला आलेख ट्रॅकपॅडवर बोटाने सरकवताना माझा मुलगा वैतागायचा. माउस चालतो, तो त्याला आणून दिला आणि सवय करायला लावली. बॅटरीही अशीच तपासून होते. पेपर २ तास १४ मिनिटांचा, मध्ये १० मिनिटांची सुट्टी. बॅटरी तीन-चार तास टिकायला हवी, कारण केंद्रावर प्लग मिळेलच असं नाही. जुनी बॅटरी लवकर उतरत असेल तर शाळेकडून मशीन बदलून घ्या. मागायला संकोच कसला?

४. ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचं खातं शाळेच्या ईमेलवर उघडू नका. बऱ्याच शाळा बाहेरचे मेल अडवतात, मग पासवर्ड बदलायची लिंक पोचतच नाही. घरचा ईमेल द्या आणि पासवर्ड पाठ करून घ्या.

५. परीक्षेच्या पाच दिवस आधी ब्लूबुकमध्ये ‘एक्झाम सेटअप’ खुलतं. ते केल्यावरच हॉलतिकीट मिळतं. शनिवारच्या परीक्षेसाठी सोमवारीच करून टाका. काही अडलं तर शाळा अजून चार दिवस उघडी असते. नंतर मशीन बदललं, तर नव्या मशीनवर सेटअप पुन्हा करायचं.

६. मध्येच नेट गेलं तर घाबरायचं नाही, हे मुलांना आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी सांगा. उत्तरं लॅपटॉपवर साठत राहतात, पेपर चालू ठेवता येतो. लॅपटॉपच बंद पडला तर हात वर करून पर्यवेक्षकांना बोलवायचं.

७. ऑगस्टच्या परीक्षेला बसणार असाल तर एक गोष्ट मे महिन्यातच विचारा: शाळा जूनमध्ये लॅपटॉप जमा करून घेते का? घेत असेल आणि घरी दुसरा नसेल, तर कॉलेज बोर्ड परीक्षेपुरता लॅपटॉप उसना देतं. त्यासाठीचा अर्ज मात्र परीक्षेच्या किमान ३० दिवस आधी गेला पाहिजे.