उजव्या गालावरचं ऊन

निगडीहून सकाळी स्टाफ बस घेऊन चाकण एमआयडीसीकडे निघालं की ऊन उजव्या खिडकीतून येतं. संध्याकाळी परतताना सूर्य पश्चिमेला आणि गाडीचं तोंड नैर्ऋत्येला, म्हणजे ऊन पुन्हा उजव्याच अंगाला. वर्षानुवर्षं याच रस्त्यावर गाडी हाकल्यामुळे माझा डावा गाल वयाला शोभेसा राहिला, पण उजव्यावर काळपट डाग पडले, कातडी जाड झाली, डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानशिलापर्यंत सुरकुत्यांचं जाळं पसरलं. माझ्याआधी ते बायकोला दिसलं.

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी बघताक्षणीच विचारलं, "ड्रायव्हर ना तुम्ही?" मग त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली छापलेला, २८ वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाचा. तिकडे स्टेअरिंग डावीकडे, म्हणून त्याची डावी बाजू ओघळलेली. उन्हातले अतिनील बी किरण कातडी भाजतात, पण काच ते बरेचसे अडवते. ए किरण मात्र बाजूच्या साध्या काचेतून आत येतात, खोल जातात आणि त्वचेला ताठ ठेवणारं कोलेजन मोडतात. त्यांचा चटका बसत नाही, म्हणून कळतच नाही. समोरची काच दोन थरांची असल्याने तिथून धोका कमी.

ही गोष्ट स्टँडवर कळली आणि सल्ले सुरू झाले. कोणी म्हणे लिंबू चोळ, कोणी गाजराच्या अर्काच्या गोळ्या सांगितल्या, कोणी म्हणे टोमॅटो खा. तिन्ही वनस्पतींचेच उपाय, पण त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. माझ्यासारख्या उन्हातल्या माणसांना तो कळावा, म्हणून हे लिहितोय.

लिंबाचं आधी सांगतो, कारण त्याचं फळ आमच्याच एका हेल्परने भोगलं. तोंडाला लिंबू चोळून तो खिडकीशी बसला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गालावर पाण्याचे फोड आले, ते बसले तिथे काळे ओघळ उरले आणि कित्येक महिने गेले नाहीत. लिंबाच्या सालीत आणि रसात सोरॅलेन जातीची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखी जखम होते. पांढऱ्या डागांवर देतात त्या बावचीतही हेच द्रव्य असतं, म्हणून तीही जाणकाराच्या देखरेखीशिवाय लावू नये. लिंबू वरणभातावर पिळा, तोंडाला नको.

टोमॅटोत तथ्य आहे. त्याचा लाल रंग लायकोपीनचा. ऊन पडलं की कातडीत जे विध्वंसक रेणू तयार होतात, ते हे द्रव्य शमवतं. २००१ साली जर्मनीत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही जणांना रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट ऑलिव्ह तेलातून दिली. चार आठवड्यांनी काहीच फरक नव्हता, दहा आठवड्यांनी मात्र कृत्रिम उन्हाने येणारी लाली इतरांपेक्षा ४० टक्के कमी भरली. पण मोजली ती लाली, सुरकुत्या नव्हेत, आणि माणसंही मोजकीच होती. तेवढ्या पेस्टमध्ये १६ मिलिग्रॅम लायकोपीन होतं. साध्या टोमॅटोतून ते मिळवायला अर्ध्या किलोच्या आसपास लागतील. कच्च्या कोशिंबिरीतून ते अंगी कमी लागतं. शिजवून, तेलाची फोडणी देऊन जास्त. म्हणजे आपली टोमॅटोची चटणी किंवा सारच बरं. नारायणगावचा बाजार आपल्या नाशिक रस्त्यावरच आहे. भाव पडले की कॅरेटच घ्यावं आणि आटवून ठेवावं. कलिंगडात आणि लाल पेरूत हेच द्रव्य कच्च्या टोमॅटोपेक्षा जास्त असतं.

गोळ्यांबद्दल मात्र कळकळीने सांगतो. गाजरातलं बीटा कॅरोटीन भाजीतून खाल्लं तर चांगलंच. फार तर अति गाजराने तळहात पिवळे पडतात, डोळे पांढरेच राहतात, तेव्हा कावीळ समजून घाबरू नका. पण फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजार पुरुषांवर चाचणी झाली. ज्यांना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. हा निष्कर्ष १९९४ चा. आपल्या स्टँडवर बिडी न ओढणारे किती, हे मी सांगायला नको.

सुरकुत्यांचा थेट हिशेब ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावी झाला, १९९२ ते १९९६ मध्ये. तिथेही बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांचा त्वचेला काही उपयोग दिसला नाही. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मात्र, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली. म्हणून मी आता एसपीएफ ३० चं, ए किरणांनाही अडवणारं मलम उजव्या गालाला, कानाला, मानेला आणि मनगटापर्यंत लावतो, दुपारच्या फेरीआधी पुन्हा. हाताला सुती बाही चढवतो. डब्यातली टोमॅटोची चटणी या मलमाच्या जोडीला आहे, त्याच्याऐवजी नाही. रंग-आकार बदलणारा तीळ किंवा महिनाभर न भरणारी जखम दिसली तर मलम-चटणीवर थांबू नका, डॉक्टरला दाखवा.

आणि वेळ सांभाळा. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य ऐन डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. टोमॅटोला गुण दाखवायला दहा आठवडे लागत असतील, तर चटणीचा बेत मार्चच्या सुरुवातीलाच सुरू झालेला हवा.