पाच तारे आणि राज्याची सीमा

प्रश्न : आम्ही रसमड्यात राहतो. भाऊ नागपूरहून एसी पाठवतो म्हणतोय. छत्तीसगडचे नियम वेगळे असतील का? – एक वाचक, रसमडा (जि. दुर्ग)

उत्तर : नाहीत. खुशाल मागवा. उपकरणांची मानके ठरवण्याचा अधिकार २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कलम १४ने केंद्राकडे ठेवला आहे. राज्यांकडे अंमलबजावणी असते, तुमच्याकडे 'क्रेडा', आमच्याकडे महाराष्ट्रात 'मेडा' या संस्थांमार्फत. इमारतींची ऊर्जा संहिता मात्र राज्य स्थानिक हवामानानुसार बदलू शकते. माझ्या मते ही विभागणी योग्यच आहे, नाहीतर कंपन्यांनी जुना माल ढिल्या नियमांच्या राज्यात खपवला असता.

खरी मेख ताऱ्यांच्या लेबलावरच्या वर्षात आहे. जुलै २०२२मध्ये एसीचे निकष कडक झाले आणि तेव्हाचे पंचतारांकित एसी चार ताऱ्यांवर उतरले. शिवाय लेबलावरचे वार्षिक युनिट १६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. दुर्गकडच्या उन्हाळ्यात तुमचे तास जास्त भरले, तर बिलही वाढेल.

आणि हो, एसीआधी पंखे बदला. जुना ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा लावला, तर रोज १५ तासांच्या वापरात महिन्याला साधारण २० युनिट वाचतात, तेही एका पंख्यामागे.