डाग ओळखा, मग हात लावा

गावातलं घर म्हटलं की ओसरी आली. ओसरी म्हटली की बैठक आली. कुणाकडे कापसाची गादी आणि दोन लोड असतात. कुणाकडे अंगणातल्या बाकावर फोमची उशी असते. पाहुणा आला की तिथंच टेकतो. म्हणून घरात सगळ्यांत जास्त डाग पडतात ते बैठकीवर. पावसाची झड येते ती तिच्यावर. चहा सांडतो तो तिच्यावर. पोरं चिखलाच्या पायांनी नाचतात तीही तिच्यावरच.

गादी काही रोज भरली जात नाही. डाग पडला म्हणून ती कुणी टाकून देत नाही. पण डाग काढताना घाई केली, तर डाग राहतो आणि गादी मात्र जाते. आमच्या घरी एकदा अशीच घाई झाली. ती गोष्ट आधी सांगतो.

आमच्या घरची गोष्ट

त्या वर्षी घरात नवी सून आली होती. जेवणं ओसरीवरच होती. वाढताना सूनबाईच्या हातून वरणाची वाटी लोडावर कलंडली. पांढऱ्या खोळीवर पिवळा डाग पडला. शाळेतल्या सवयीनं आम्ही लगेच हुकूम सोडला, "साबण लाव आणि घास!"

पोरीनं साबण लावला. तोच पिवळा डाग लालभडक झाला. आत्याबाई म्हणाल्या, "अगं बाई! नव्या नवरीच्या हातून रक्तासारखा डाग! हे काही बरं लक्षण नाही." पोरगी रडू लागली. "मामंजी, मी मुद्दाम नाही हो केलं," म्हणाली. हुकूम आमचा, आणि बोल मात्र पोरीला! आम्ही खाली मान घातली.

मग आठवलं. हळदीत चुना कालवला की काय होतं? लाल होतं. दृष्ट काढायचं लाल पाणी असंच करतात, हे आत्याबाईंनाही ठाऊक होतं. चुन्यात खार असतो. साबणातही खार असतो. हळदीला खार लागला की ती लाल होते.

आम्ही ताटलीत चिमूटभर हळद घेतली. तिच्यावर साबणाचं पाणी टाकलं. सगळ्यांसमोर ती लाल झाली. मग वर लिंबू पिळलं. ती पुन्हा पिवळी झाली! आत्याबाई गप्प झाल्या. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "ऊठ पोरी, डोळे पूस. हा तर हळदीचाच रंग." ती खोळ आम्ही भरपूर पाण्यात खळबळली आणि कडक उन्हात टाकली. उन्हानं हळदीचा रंग उडतो. दोन दिवसांत डाग गेला.

त्या दिवशी आम्हीच धडा शिकलो. डाग कशाचा आहे ते आधी ओळखावं. आणि डागावरून माणसाला बोल लावू नये.

पाण्याचा डाग

तुम्ही म्हणाल, पाणी तर स्वच्छ असतं. त्याचा डाग कसा पडेल? बघा. कापडात धूळ असते, घामाचा मळ असतो, धुतल्यावर राहिलेला साबण असतो. पागोळीचं पाणी पडलं की हे सारं त्यात मिसळतं. ओला भाग कडेनं आधी वाळतो. मग मधलं पाणी कडेकडे सरकतं आणि मळही बरोबर नेतं. पाणी उडून जातं, मळ कडेला राहतो. ओढ्याचा पूर ओसरला की काठाला कचऱ्याची रेघ राहते ना? तसंच हे.

म्हणून नुसती कड घासू नका. घासली तर तिच्या बाहेर नवी कड उमटेल. असं करा :

१. खोळ निघत असेल तर काढा आणि सगळीच्या सगळी धुवा.
२. खोळ निघत नसेल तर एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत ती बाजू ओल्या फडक्यानं सारखी पुसा. थोडा साबणाचा फेस लावला तरी चालेल. मग स्वच्छ पाण्याच्या फडक्यानं फेस काढा.
३. कोरडं फडकं दाबून पाणी टिपून घ्या.
४. गादी उभी करून उन्हावाऱ्यात वाळवा. मधूनमधून बाजू पालटा.

कापसाची गादी कधी बादलीभर पाणी ओतून धुऊ नका. आतला कापूस लवकर वाळत नाही. त्याला कुबट वास येतो आणि बुरशी धरते. कापूस आतपर्यंत भिजलाच, तर शिवण उसवा, कापूस उन्हात पसरा आणि पिंजून पुन्हा भरा. फोमची उशी धुतली तर दाबून पाणी काढा. पिळू नका, ती फाटते.

कोणत्या डागाला काय करावं

रक्त, दूध, अंडं : थंड पाणीच वापरा. गरम पाण्यानं हे डाग शिजून कापडात पक्के बसतात.

चहा : लगेच टिपून घ्या. थंड पाणी लावा, मग साबण.

तेल : खडूची भुकटी किंवा पीठ पसरा. ते तेल शोषून घेतं. तासाभरानं झटका आणि साबण लावा.

चिखल : ओला असताना पुसू नका, पसरतो. वाळू द्या, झटका, मग धुवा.

लोखंडाचा गंज : लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा. नंतर पाण्यानं चांगलं धुवा.

बुरशी : गादी अंगणात न्या. नाकातोंडाला फडकं बांधा आणि मगच झटका. घरात झटकली तर बुरशीची पूड घरभर उडते. दमेकऱ्याला तिचा फार त्रास होतो. नंतर साबणाच्या पाण्यानं पुसा आणि कडक ऊन द्या.

कोणताही डाग काढताना कडेकडून आत या. कापड रंगीत असेल तर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघा.

सावध राहा!

पाणी शुद्ध करण्याची ब्लीचिंग पावडर काही जण डागावर लावतात. रंगीत कापडाचा तिनं रंग जातो. पण त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. ती पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. लिंबू किंवा व्हिनेगरही तिच्यात घालू नका. त्यातून क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो. 1915 साली पहिल्या महायुद्धात हाच वायू शत्रूच्या सैन्यावर सोडला होता. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. डाग राहिला तर राहू द्या. माणूस आधी, गादी मागून.

प्रश्न

१. हळदीच्या डागाला साबण लावल्यावर तो लाल का होतो?
२. पाण्याच्या डागाची कड तपकिरी का दिसते?
३. रक्ताच्या डागाला गरम पाणी का लावू नये?
४. ब्लीचिंग पावडरमध्ये काय मिसळू नये?

घरी करून बघा : ताटलीत हळद घ्या. साबणाचं पाणी टाका, मग लिंबू पिळा. घरच्या सगळ्यांना दाखवा.